सहाजणी कोणत्या?



'निवड' हा शब्द आपल्या चळवळीत फारसा कुणाला आवडत नाही. आपण गोल करून बसतो, प्रत्येकीला बोलायला देतो, बेसूर गाणारीलाही गाण्यात ओढतो. शिबिरात खेळ घ्यायचा तर कुणी 'आउट' होणार नाही असाच खेळ शोधतो. जिला जन्मभर कुणी ना कुणी बाजूला सारलं, तिला निदान इथे तरी कुणी बाजूला सारू नये, हा त्यामागचा विचार. तो मला पटतो. तरीही या वेळचं संपादकीय निवडीबद्दलच आहे. कॉलेजच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघात बाराजणी असतात. सामना सुरू होताना मैदानात सहाच उतरतात. त्या सहा कोणत्या, हे कुणी आणि कसं ठरवायचं?

पोटगीचे दावे वर्षानुवर्षं पडून आहेत, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या आरोग्याचा प्रश्न आहे तिथेच आहे, आणि ताई व्हॉलीबॉलवर काय लिहायला बसल्या, असं काहीजणींना वाटेल. संपादक मंडळाच्या बैठकीतही वाटलं होतं. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलींना अन्यायाची पहिली लख्ख जाणीव कुठे होते, हे एकदा त्यांनाच विचारून पाहा. घरातला अन्याय त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. मैदानावरचा मात्र दिसतो, कारण तिथे रेषा आखलेल्या असतात.

विषय निघाला तो असा. जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका कॉलेजातल्या तिघी आमच्या शनिवारच्या बैठकीला आल्या. कॉलेजचं नाव देत नाही. तिथे जे घडलं ते चार ठिकाणी घडत असतं. त्यांचं म्हणणं असं की संघाची यादी नोटीस बोर्डावर लागली, आणि पहिल्याच सामन्यात पहिल्या सहांत एक अशी मुलगी उतरली जी सरावाला महिन्यात चार दिवससुद्धा आली नव्हती. ती संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याच्या नात्यातली. रोज येणारी लिफ्टर बाकावर बसून राहिली. तिघींपैकी एक म्हणाली, "घेतलं नाही याचं काही नाही ताई. का घेतलं नाही, ते कुणी सांगतच नाही."

बैठकीत लगेच दोन मतं पडली. एक मत प्राचार्यांना घेराव घालण्याचं. दुसरं मत आपल्या नेहमीच्या स्वभावाला धरून: कशाला हवी ही निवड, बाराजणींना आळीपाळीने खेळवा, म्हणजे कुणावरच अन्याय नाही. यावर त्या तिघी एकमेकींकडे बघून हसल्या. "ताई, मग आम्ही हरू ना!"

मला त्यांचं हसणं पटलं. आळीपाळीने खेळवा म्हणताना आपण नकळत असं धरून चालतो की मुलींच्या खेळात हरण्याजिंकण्यासारखं काही नाही. मजेसाठी खेळतायत, खेळू देत. पोरी आहेत, जमेल तेवढं करतील. ही सवलत आपण आपल्या मुलांच्या संघाला कधी देऊ का? मुलीला घरात कौतुक मिळतं, कीव मिळते, धाक तर मिळतोच. पण तुझं हे चांगलं आहे, हे कच्चं आहे, आणि या कच्चेपणामुळे आज तुझी जागा दुसरीला, असं सरळ कुणी सांगत नाही. लग्नाच्या बाजारात तिला नाकारतात तेव्हाही कारण सांगत नाहीत. 'योग नाही' म्हणतात. पारखून घेण्याचा आणि पारख झाल्यावर कारण ऐकण्याचा तिचा हक्क आहे, असं माझं मत आहे. म्हणून मी म्हटलं, घेराव नको आणि आळीपाळीही नको. आधी खेळ बघू.

कॉलेजच्या खेळाच्या सरांना भेटलो. सर माणूस म्हणून वाईट नाहीत. मुलांची कबड्डी, मुलींची खो-खो, धावण्याच्या शर्यती, दोन्ही व्हॉलीबॉल संघ, सगळं एकट्याच्या अंगावर. त्यांनी हात वर केले. "मॅडम, सहाजणी निवडायला मुळात चौदाजणी मैदानावर येतात कुठे? ज्या येतात त्यांना उभं करतो." नात्यातल्या मुलीबद्दल विचारलं तर ते गप्प राहिले. मी कॉलेजात असताना दोन वर्षं व्हॉलीबॉल खेळले आहे, त्यामुळे त्या गप्प राहण्याचा अर्थ मला लागला. पण त्यांनी आम्हाला बसू दिलं. पुढचे तीन आठवडे आम्ही दोघीजणी जमेल तेव्हा मैदानाच्या कडेला जाऊन बसलो.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल, कारण सगळा वाद त्याच्यातच आहे. मैदान १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद. मध्ये नेट, बायकांसाठी त्याची उंची २.२४ मीटर, पुरुषांसाठी २.४३. तिघी पुढे, तिघी मागे. एका बाजूने जास्तीत जास्त तीन स्पर्शांत चेंडू पलीकडे घालवायचा. पहिला स्पर्श समोरून आलेली सर्व्हिस उचलणारीचा, दुसरा लिफ्टरचा, तिसरा स्मॅश मारणारीचा. टाळ्या तिसरीला मिळतात. पहिलीचे हात लालभडक होतात, तिचं नाव कुणाला आठवत नाही. (घरकामाशी साम्य दिसलं असेल, तर ते मी मुद्दाम शोधलेलं नाही.)

आणि या खेळात कायमची जागा कुणालाच नाही. समोरच्या संघाकडून सर्व्हिस आपल्याकडे आली की सहाही जणी घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक जागा सरकतात. आज पुढे उड्या मारणारी थोड्या वेळाने मागे वाकून चेंडू उचलत असते, आणि प्रत्येकीला सर्व्हिस करावीच लागते. म्हणून संघातल्या सर्वांत चांगल्या सहाजणी वेगळ्या आणि सर्वांत चांगला सहाजणींचा संघ वेगळा. सहाही स्मॅश मारणाऱ्या उभ्या केल्या तर त्यांना चेंडू वाढून कोण देणार?

शिवाय कोण कुणाच्या समोर उभी राहणार, हाही हिशेब असतो. सेट सुरू होण्याआधी एका कागदावर सहाजणींचे क्रमांक लिहून पंचांकडे द्यावे लागतात, आणि तो क्रम सेट संपेपर्यंत बदलता येत नाही. लिफ्टर एकच असेल तर ती पुढच्या रांगेत येते त्या तीन फेऱ्यांत पुढे स्मॅश मारायला दोघीच उरतात. त्या वेळी तिच्या शेजारी जोरदार मारणाऱ्या दोघी याव्यात असा क्रम लावावा लागतो. दोन लिफ्टर समोरासमोर ठेवल्या तर एकजण कायम नेटजवळ असते. स्मॅश मारणारी एक कमी होते, पण धावपळ वाचते. सर्व्हिस उचलण्यात कच्च्या असलेल्या संघाला ही जुनी साधी रचनाच बरी. मुलींना हे कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. 'तू इथे, तू तिथे' एवढंच त्यांनी ऐकलं होतं.

आम्ही एक वही केली. डावीकडे नावं आणि पुढे चार रकाने: सर्व्हिस पलीकडे गेली का, समोरून आलेली सर्व्हिस उचलल्यावर लिफ्टरपर्यंत पोचली का, नेटवर मारलेल्या चेंडूने गुण मिळाला की गेला, आणि चौथा, पडणाऱ्या चेंडूमागे धावली की उभी राहिली. वही भरायचं काम त्या वेळी बाहेर बसलेल्या मुलींचं. पहिले दोन दिवस मैत्रिणीच्या नावापुढे फुली मारताना त्यांचा हात अडखळला. तिसऱ्या दिवशी फुलीवरून भांडणं झाली. आठवडाभरात त्या खेळाकडे बघायला लागल्या.

वहीने काही गोष्टी उलट्यापालट्या केल्या. उंच मुलगी म्हणून जिची जागा सगळे धरून चालले होते, ती मारायची जोरात, पण मागच्या रांगेत गेली की समोरचा संघ मुद्दाम तिच्याकडेच सर्व्हिस टाकायचा. जुन्या पद्धतीत सर्व्हिस आपली असेल तरच गुण मिळायचा, त्यामुळे असली उणीव थोडीफार झाकली जायची. १९९८ च्या सुमारास रॅलीची पद्धत आली. आता चेंडू कुणाचाही पडो, प्रत्येक वेळी गुण जातो किंवा मिळतो, आणि २५ गुणांचा सेट बघता बघता संपतो. तिने नेटवर पाच गुण मिळवले आणि मागे सात घालवले, तर लोकांना ते पाचच आठवतात.

दुसरीकडे एक ठेंगणी मुलगी. पाथर्डीकडची, ऊसतोड मजुराची. नेटवरून तिची बोटंसुद्धा धड दिसत नाहीत. दोन वर्षं ती फक्त 'बाकीच्यांत' होती. दुसऱ्या आणि चौथ्या रकान्यात तिच्या इतक्या खुणा कुणाच्याच नव्हत्या. अशा मुलीसाठी नियमांतच एक जागा आहे, 'लिबेरो' म्हणतात तिला. तीही १९९८ मध्येच आली. लिबेरो वेगळ्या रंगाची जर्सी घालते, मागच्या रांगेतल्या कुणाच्याही जागी कितीही वेळा आत-बाहेर करू शकते, आणि ती बदली खेळाडूंच्या मोजणीत धरत नाहीत. उंच मुलगी पुढे असेल तोवर खेळेल, मागे गेली की ही आत येईल. सरांना नियम माहीत होता. "आपल्याकडे लिबेरोपर्यंत जायची वेळच येत नाही," ते म्हणाले.

उंचीचा हा बाऊ नवा नाही. १९६४ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये बायकांचं व्हॉलीबॉल पहिल्यांदा आलं. ऑलिंपिकमधला बायकांचा हा पहिलाच सांघिक खेळ. सोव्हिएत संघाच्या धिप्पाड मुलींना हरवून जपानने सुवर्णपदक घेतलं. जपानच्या संघातल्या बहुतेकजणी एका कापड गिरणीच्या कामगार संघातल्या होत्या: दिवसा गिरणीच्या कचेरीत काम, त्यानंतर रात्री उशिरापर्यंत सराव. उंचीला उतारा म्हणून त्यांनी जमिनीवर झोकून देऊन चेंडू उचलायचा आणि लोळण घेऊन पुन्हा उभं राहायचं, हे तंत्र घोटून घोटून बसवलं. परदेशी वर्तमानपत्रांनी त्यांना 'चेटकिणी' म्हटलं. बायकांनी कशात प्राविण्य मिळवलं की हा शब्द ठरलेला. त्यांचे प्रशिक्षक दाइमात्सू यांच्या कठोरपणाबद्दल जपानमध्येही उलटसुलट बोललं गेलं, आणि मलाही रात्री-अपरात्रीपर्यंत मुलींना जमिनीवर लोळवणाऱ्या प्रशिक्षकाचं कौतुक नाही. आणि जिंकल्यानंतर काय झालं? कर्णधार मासाए कासाई यांच्या लग्नाची काळजी देशाला पडली. पंतप्रधानांनी ओळख करून दिली आणि १९६५ मध्ये त्यांचं लग्न झालं. सुवर्णपदक मिळवूनही प्रश्न तोच.

लग्नावरून पुन्हा आपल्या मैदानावर येऊ. सर म्हणाले होते, चौदाजणी येतात कुठे. हे वाक्य मला झोपू देईना, कारण ते खरं होतं. वही फक्त मैदानावर पोचलेल्या मुलींची. जिचा खेळ कुणी पाहिलाच नाही, तिला नाकारण्याचं काम आधीच कुणी तरी उरकलेलं असतं.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा: १७ हजार चौरस किलोमीटरांहून जास्त, १४ तालुके. उत्तरेकडे प्रवरा-गोदावरीचे कालवे, साखर कारखाने, कारखान्यांच्या आधाराने उभी राहिलेली कॉलेजं. दक्षिणेकडे पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर: कोरडवाहू रान, लांब लांब गावं, आणि दिवाळीच्या आगेमागे तोडीला निघणारी कुटुंबं. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचा हंगाम आणि कोयता उचलून निघण्याचा हंगाम बऱ्याचदा एकमेकांवर येतात. मागे राहिलेल्या मुलीला धाकटी भावंडं, म्हातारी आणि गोठा सांभाळायचा असतो. ती चेंडू सांभाळायला कधी येणार?

जी येऊ शकते तिला शेवटची एसटी गाठायची असते. शाळकरी मुलींच्या मोफत पासाला अहिल्याबाईंचं नाव आहे, त्या याच जिल्ह्यातल्या चोंडीच्या. २०२४ मध्ये तर जिल्ह्यालाच त्यांचं नाव मिळालं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. चांगलंच आहे. पण गाडीच नसेल तर तिकीट अर्धं असलं काय नि पूर्ण असलं काय. सराव संध्याकाळी पाचनंतर, कारण त्याआधी मैदान मुलांच्या क्रिकेटसाठी. गाडी साडेपाचला. म्हणजे बाहेरगावची मुलगी वीस मिनिटं खेळणार, आणि गावातल्या मुलीला दीड तास मिळणार. मग निवड करताना म्हणायचं, हिचा सराव कमी पडतो.

२०१६ च्या जुलैमध्ये कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत जे घडलं, त्यानंतर आसपासच्या किती घरांनी मुलींना 'उजेडात घरी' हा नियम लावला, ते तुम्हीही पाहिलं आहे. त्या आईबापांना मी दोष देणार नाही. पण गुन्हा करणारा मोकळ्या रस्त्याने फिरतो आणि संध्याकाळ मात्र मुलींची काढून घेतली जाते, एवढं तरी आपण मोठ्याने म्हणायला हवं. मुलींचा सराव सकाळी घेता येतो. क्रिकेटची वेळ बदलता येते. अंधार पडायच्या आधीचं मैदान मुलींना, नंतरचं मुलांना, एवढी अदलाबदल कुणालाच कशी सुचली नाही?

पाळीचंही असंच. महिन्यात चार-पाच दिवस दोघी-तिघी मैदानावर येतात आणि 'तब्येत बरी नाही' म्हणून झाडाखाली बसतात. कुणी बसावं, कुणी खेळावं, ते जिचं तिने ठरवावं; पण कॉलेजात कपडे बदलायला बंद खोली नाही, पाणी नाही, आणि सरांना सांगायची सोय नाही. सर त्या दिवसाची हजेरी 'गैरहजर' मांडतात, कारण त्यांच्या यादीत दुसरा शब्दच नाही.

पोशाखाबद्दल दोनच वाक्यं. आखूड चड्डी घालायची म्हणून घरचे पाठवत नाहीत, ही अडचण खरी आहे. पण वाळूवरच्या व्हॉलीबॉलमध्येसुद्धा २०१२ मध्ये नियम सैल झाले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये इजिप्तची दोआ अल्घोबाशी पूर्ण बाह्या आणि डोक्यावर हिजाब घालून खेळली. कॉलेजच्या सामन्यात सगळ्यांनी एकसारखी ट्रॅकपँट घातली तर आभाळ कोसळणार नाही.

या सगळ्यात पणाला काय लागलं आहे, तेही बघू. बाराजणींच्या यादीत नाव असलं की प्रमाणपत्र मिळतं, मग पहिल्या सहांसाठी एवढी ओढाताण का, असं कुणी म्हणेल. आपली कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या नगर विभागात खेळतात. विभागातून आंतरविभागीय, तिथून विद्यापीठाचा संघ, मग आंतरविद्यापीठ स्पर्धा. वरच्या संघासाठी निवड करणारे मैदानात खेळणाऱ्या मुलीकडे बघतात. बाकावरची त्यांच्या नजरेत भरत नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते वरच्या पातळीवर पोचलेल्यांना. देशात बायकांच्या व्हॉलीबॉलमध्ये रेल्वे आणि केरळ यांचा दबदबा राहिला, तो काही हवापाण्यामुळे नाही. रेल्वेने खेळणाऱ्या मुलींना नोकऱ्या दिल्या. केरळात मुलींच्या कॉलेजांनी हा खेळ मनावर घेतला. १९७५ चा अर्जुन पुरस्कार मिळवणारी के. सी. एलम्मा तिथलीच. २०२२ मध्ये पैसेवाली व्हॉलीबॉल लीग निघाली ती पुरुषांच्या संघांची. म्हणजे मुलीला वर जायला वाट एकच, आणि तिचं दार कॉलेजच्या त्या सहाजणींत आहे. एम.ए. होऊन घरी बसवलेल्या मुली आपण पाहतो. खेळातून पोलिसांत, रेल्वेत लागलेली मुलगी लग्नाला चार वर्षं थांबते, आणि घरचे गुमान थांबतात.

तीन आठवड्यांनी वही घेऊन सर, कर्णधार आणि बाराजणी एकत्र बसल्या. आम्ही मागे. कर्णधाराला निवडीत बोलावणं सरांना आधी पटत नव्हतं. मैत्रिणीला घेईल, म्हणाले. मी म्हटलं, वही उघडी आहे, घेऊन तर बघू दे. दोन लिफ्टर समोरासमोर, पाथर्डीची मुलगी लिबेरो, उंच मुलगी पुढच्या रांगेपुरती. इथवर भांडण झालं नाही.

मग ती नात्यातली मुलगी. तिच्याबद्दल सगळ्यांनीच मनात निकाल देऊन ठेवला होता. वहीत मात्र तिची सर्व्हिस सगळ्यांत भरवशाची निघाली. पलीकडे गेली नाही असं क्वचितच. बाकी रकाने बेताचेच. ती पहिल्यांदाच बोलली. घरचे मुलांसमोर सराव करू देत नाहीत, म्हणून ती येत नव्हती. वाड्याच्या मागच्या अंगणात भिंतीवर सर्व्हिस मारत बसायची. आणि सामन्याला पाठवलं, कारण तिथे घराण्याचं नाव होतं. 'वशिल्याची' हे नाव तिला रोज ऐकू यायचं. पहिल्या सहांत तिची जागा नाही, असं ठरलं. पण सर्व्हिसमध्ये कच्च्या असलेल्या मुलीची पाळी आली की तिच्या जागी हिला आत घ्यायचं. नियमाप्रमाणे बाहेर गेलेली मूळ खेळाडू त्या सेटमध्ये एकदा आपल्याच जागी परत येऊ शकते. हे ऐकून ती म्हणाली, "चालेल. पण का घेतलं ते पण बोर्डावर लिहा."

आणि आमच्याकडे तक्रार घेऊन आलेल्या तिघींपैकी एक, 'का घेतलं नाही ते सांगत नाही' म्हणणारी, वहीप्रमाणे पहिल्या सहांत बसली नाही. तिची सर्व्हिस बरी, उडी बरी, पण धावायच्या वेळी उभी राहायची. हे तिच्या मैत्रिणीनेच वहीत लिहिलं होतं. ती रडली. आमच्यातल्या एकीला वाटलं, आपण हिच्यासाठी आलो आणि हिलाच बाहेर काढलं. मला तसं वाटलं नाही, पण ती संध्याकाळ जड गेली हे खरं. ती दोन दिवस मैदानावर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, वही मागितली, आणि आपल्या नावापुढचे चारही रकाने स्वतःच्या वहीत उतरवून घेतले. मैत्रिणीशी अजून नीट बोलत नाही.

विभागीय स्पर्धेत संघ दुसऱ्या फेरीत हरला. समोरच्या कॉलेजला वसतिगृह आहे, दोन वेळचा सराव आहे, आणि मुलींना शिकवायला बाई आहेत. तिसरा सेट मात्र शेवटपर्यंत अटीतटीचा झाला. लिबेरोच्या वेगळ्या रंगाच्या जर्सीला पैसे नव्हते. मुलींनी भावाचा टी-शर्ट आणून त्यावर आकडा शिवला होता.

तुमच्या गावात, तालुक्यात कॉलेज असेल तर एकदा संध्याकाळी मैदानावर जाऊन बसा. किती मुली आहेत, किती वाजता निघतात, मैदान कुणाच्या ताब्यात आहे, संघ कुणी निवडला आणि कारणं सांगितली का, एवढं बघून आम्हाला लिहा. पुढच्या अंकात ती पत्रं छापू. खेळून आता चाळिशी-पन्नाशीला आलेल्या मैत्रिणींनीही लिहावं; आणि दोनजणी आठवड्यातून एकदा मुलींना शिकवायला जाऊ शकतील तर फारच छान. बाईंना शिट्टी वाजवता येते हे मुलींना दिसू दे.

त्या कॉलेजकडे आम्ही मुलींसोबत चार मागण्यांचं पत्र दिलं. निवडीची वही बोर्डाशेजारी टांगायची, ही पहिली. ती सरांनी दुसऱ्याच दिवशी मान्य केली. सकाळचा सराव प्राचार्यांनी पुढच्या सत्रापासून कबूल केला आहे. कपडे बदलायच्या खोलीसाठी 'बांधकाम समितीपुढे ठेवतो' असं उत्तर आलं. चौथी मागणी कॉलेजच्या हातातली नाही: साडेपाचची गाडी साडेसहाला करा, हा अर्ज एकतीस मुलींच्या सह्यांनिशी डेपोत दिला आहे. दोनदा जाऊन आलो. येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत. या वेळी पाथर्डीच्या मुलीची आजीही बरोबर येते म्हणाली आहे.